टॉकीज, घर आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बायका

नववीच्या वर्गाला मराठीचा निबंध द्यायचा होता. विषय नेहमीचाच, 'सिनेमा चित्रपटगृहात पाहावा की घरी?' आमची शाळा उर्दू माध्यमाची, वर्ग मुलींचा. मी उर्दू शिकवते आणि मराठीही शिकवते. विषय फळ्यावर लिहिला आणि लिहायला बसवण्याआधी सहज विचारलं, "टॉकीजमध्ये जाऊन सिनेमा कुणी कुणी पाहिलाय?"

चार-पाच हात वर आले. त्यातली एक पुण्याला मामूकडे गेली होती तेव्हा गेलेली, एक हैदराबादला लग्नाला गेली होती तेव्हा. मग मी उलटं विचारलं, "आजवर एकही सिनेमा पाहिला नाही, अशी कुणी आहे का?" सगळा वर्ग हसला. या मुलींनी पाहिलेल्या सिनेमांची यादी माझ्या यादीपेक्षा लांब आहे. त्या कोरियन मालिका पाहतात, तुर्की पाहतात, तेलुगू सिनेमे हिंदीत पाहतात. फक्त टॉकीजचा उंबरा बहुतेकींनी ओलांडलेला नाही. एकीनं विचारलं, "टीचर, आता सगळं मोबाईलमध्येच येतं. मग तिथं जायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. पडदा मोठा असतो, आवाज चांगला येतो, असं काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर अम्मीला ही गोष्ट सांगितली. अम्मी हसून म्हणाली, "बडा पडदा? हम को तो आधाच दिखता था. सामने खंबा था!"

समोर खांब, अर्धा पडदा, लाकडी बाक, पंखा असला तर असला. तरीही अम्मी आणि तिच्या मैत्रिणी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा टॉकीजला जायच्याच. म्हणजे त्या पडद्यासाठी जात नव्हत्या. मग कशासाठी जात होत्या? माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे असं मला वाटलं. ते शोधायला थोडं मागं जावं लागेल.

अगदी सुरुवातीला

आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो मुंबईत, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंची ती छोटी छोटी हलती चित्रं होती. तिकीट १ रुपया. त्या काळात हा रुपया मोठा होता आणि हॉटेलही साहेब लोकांचं. आठवडाभरात, १४ जुलैला, हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. तिथं तिकिटाचे दर ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत ठेवले गेले आणि जाहिरातीत आणखी एक सोय सांगितली गेली. पडदानशीन स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स.

मला ही नोंद फार बोलकी वाटते. सिनेमा या देशात येऊन फार दिवस झाले नव्हते. कथा नव्हती, नट नव्हते, आवाज नव्हता. तरी धंदा करणाऱ्या माणसाला कळलं की पडद्यातल्या बायकांनाही हे पाहायचं आहे, त्या पैसे देतील, फक्त त्यांना बसायला जागा हवी. आमच्या समाजात सिनेमा जायज की नाजायज हा वाद नंतर कितीतरी वर्षं चालला, अजूनही चालतो. पण बायकांसाठीची जागा अगदी सुरुवातीलाच तयार झाली होती.

पुढं १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलायला लागला. तो बोलला ती आमची हिंदुस्तानी, पारशी नाटकांच्या वळणाची उर्दू. त्यातली नायिका जुबैदा. तिची आई फातमा बेगम हिनं १९२६ मध्येच 'बुलबुल-ए-परिस्तान' हा मूकपट दिग्दर्शित केला होता. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून तिचं नाव घेतलं जातं. म्हणजे एक मुस्लिम बाई कॅमेऱ्यामागं उभी होती आणि दुसऱ्या मुस्लिम बाया चिकामागं बसून पडदा पाहत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आहेत. आपला इतिहास सरळ रेषेत जात नाही, हे मी मुलींना नेहमी सांगते.

निजाम सर्किट

परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड-हैदराबाद रेल्वे इथून गेली आणि बाहेरच्या वस्तू, वर्तमानपत्रं, नाटक कंपन्या यायला लागल्या. पुढं सिनेमाच्या पेट्याही याच वाटेनं आल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० ला आपण महाराष्ट्रात आलो.

पण सिनेमाच्या धंद्याच्या नकाशात निजाम काही गेला नाही. वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडलेले आहेत, त्यात मराठवाडा 'निजाम सर्किट'मध्ये मोडतो. तेलंगणा, मराठवाडा, कर्नाटकातला बिदर-गुलबर्ग्याचा पट्टा, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्याचीच हद्द. सरकारी कागदावर आम्ही मुंबईचे झालो तरी सिनेमाच्या हिशेबात हैदराबादकडचेच राहिलो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही कौतुकानं म्हणतो आणि नाराज असलो की 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असंही म्हणतो. नवा सिनेमा मोठ्या शहरात लागून, चालून, प्रिंट घासून घासून झाली की मग आमच्याकडं यायचा. पडद्यावर पाऊस नसला तरी पावसाच्या रेघा दिसायच्या. त्याची कुणाला तक्रार नव्हती.

गावात कायमच्या टॉकीज होत्या आणि तुराबुल हक बाबांच्या उरसात तंबूतला सिनेमा. फेब्रुवारीतला हा उरूस परभणीतल्या हिंदू-मुसलमान दोघांचाही. चादर चढवायची, पाळण्यात बसायचं, बांगड्या घ्यायच्या आणि तंबूत बसून सिनेमा पाहायचा. टूरिंग टॉकीज ही महाराष्ट्राच्या जत्रांची खास चीज होती. ट्रकवर मशीन, बाजूला तंबू, खाली जमीन. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तेव्हा जगाला या तंबूंची ओळख झाली आणि तेव्हाच ते तंबू शेवटच्या घटका मोजत होते.

तीन ते सहा

अम्मी आणि तिच्या मैत्रिणींचा शो ठरलेला असायचा, तीन ते सहा. त्याला कारणं होती. दुपारचं जेवण उरकलेलं असायचं. पुरुष कामावर. मोठी मुलं शाळेत. आणि मगरिबच्या सुमाराला घरी परत येता यायचं. तिकिटाला लेडीज खिडकी वेगळी होती, त्यामुळं पुरुषांच्या रांगेत धक्के खावे लागत नसत. आत बायकांची बाजू वेगळी. पूर्वी तिथं मधे कापडाचा पडदा असायचा आणि दिवे गेले की तो सरकवायचे, असं दादी सांगायच्या. माझ्या आठवणीत पडदा गेला होता, बाजू मात्र तशीच होती. डोअरकीपर बॅटरी मारून जागा दाखवायचा आणि त्या बाजूला कुणी टवाळ पोरगा आलाच तर त्याची गचांडी धरून बाहेर काढायचा.

ही सगळी व्यवस्था मागासलेपणाची होती असं आज म्हणता येईल. पण त्याच व्यवस्थेच्या जोरावर बायकांना घरातून परवानगी मिळायची. "लेडीज में बैठेंगे, पाच जनी हैं, सहा बजे आते," एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की काम व्हायचं. अब्बा पाच वक्ताचे नमाजी. स्वतः सिनेमाला जायचे नाहीत. पण सदऱ्याच्या खिशातून पैसे काढून द्यायचे आणि म्हणायचे, "टांगा ठरवून जा, पायी येऊ नका." दादींना मात्र 'खालाजान की मिजाजपुर्सी को जाते' असं सांगून जायचं. दादींना सगळं माहीत असायचं. त्या फक्त विचारायच्या, "खालाजान का इंटरवल कब होता?"

ईदेचं गणित वेगळं होतं. ईदेच्या दिवशी मुलगे शिरखुर्मा पिऊन, ईदी खिशात घालून थेट टॉकीज गाठायचे. त्या दिवशी बायकांनी तिथं जायचा सवालच नव्हता, घरात पाहुणे आणि चुलीवर पातेली. बायकांचा सिनेमा बासी ईदेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. नवे कपडे अंगावर, डब्यात उरलेला शिरखुर्मा, आणि पाच-सहा घरांतल्या बायका एका टांग्यात कोंबून बसलेल्या.

त्या टांग्यात शेजारच्या काकूही असायच्या. त्या ब्राह्मण, आम्ही मुसलमान, दोन घरांत एक भिंत. उर्दू वळणाचा सिनेमा असला की काकू अंधारात अम्मीला विचारायच्या, "अहो, 'तसव्वुर' म्हणजे काय हो?" मराठी सिनेमा असला की उलटं. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला. महाराष्ट्रभर बायका ट्रक आणि बैलगाड्या करून तो पाहायला गेल्या, आमच्याकडंही तेच झालं. अम्मीला तेव्हा मराठी बाजारापुरतं यायचं. मी दहा-बारा वर्षांची होते, दोघींच्या मधे बसले होते. अलका कुबल रडत होती, काकू रडत होत्या, आणि काकूंनी अर्थ सांगायच्या आधीच अम्मीही रडत होती. पुढं बीएड करताना भाषाशिक्षणावर पुष्कळ वाचलं, पण दोन भाषांच्या मधे बसायचं मी पहिल्यांदा तिथं शिकले.

'निकाह'

अम्मीला कुठला सिनेमा सगळ्यात जास्त आठवतो असं विचारलं तर ती 'निकाह'चं नाव घेते. बी. आर. चोप्रांचा हा सिनेमा १९८२ चा. नवरा रागाच्या भरात तीनदा तलाक म्हणतो आणि बाईचं आयुष्य बदलून जातं, असा विषय. आमच्याकडं तो आला तेव्हा मी अम्मीच्या मांडीवर होते, त्यामुळं मला काहीच आठवत नाही. अम्मीला आठवतं ते असं.

मोहल्ल्यातल्या सात बायका गेल्या होत्या. त्यातल्या एकीला तलाक होऊन वर्ष झालं होतं, ती माहेरी राहत होती. सिनेमात तो प्रसंग आला तेव्हा बायकांच्या बाजूला एकदम शांतता झाली. एरवी तिथं पोरं रडत, कुणी दाणे सोलत, कुणी मोठ्यानं सल्ले देत. त्या दिवशी काही नाही. इंटरवलमध्ये कुणी उठलं नाही. परत येताना टांग्यात ती बाई बोलायला लागली आणि तिच्या घरात काय झालं, कसं झालं, मेहरचं काय झालं, हे तिनं पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. टांगा मोहल्ल्याच्या तोंडाशी आला तरी तिचं संपलं नव्हतं. अम्मीनं टांगेवाल्याला एक चक्कर आणखी मारायला सांगितली.

"घर में देखे होते तो?" मी विचारलं.

अम्मी म्हणाली, "घर में? बाजू में सास बैठी रहती ना."

मला वाटतं, सगळ्या विषयाचं मर्म या एका वाक्यात आहे. घरी सिनेमा पाहताना शेजारी नेमकी तीच माणसं बसलेली असतात, ज्यांच्याबद्दल सिनेमा आपल्याशी काही बोलत असतो. तिथं बाई रडू शकत नाही. रडली तर का रडलीस याचा जाब द्यावा लागतो. टॉकीजमध्ये ती घरच्यांच्या नजरेबाहेर असायची आणि एकटीही नसायची. अशी जागा तिला दुसरीकडं कुठं होती? माहेर होतं, पण ते लांब. दर्गा होता. लग्नघर होतं, पण तिथंही नातेवाईकच. टॉकीज ही तीन तासांची, पैसे देऊन घेतलेली, बिनानात्याची जागा होती.

सिनेमा घरी आला

१९८२ हेच वर्ष सिनेमा घरी येण्याचंही आहे. त्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं, नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड झालं आणि देशात रंगीत टीव्हीची हवा सुरू झाली. पाठोपाठ व्हीसीआर आला. आमच्या मोहल्ल्यात पहिला व्हीसीआर सौदीहून आला. नोकरीला गेलेला एक मुलगा सुट्टीत येताना टेपरेकॉर्डर, ब्लँकेट, अत्तराच्या बाटल्या आणि हे यंत्र घेऊन आला. लवकरच ते भाड्यानंही मिळायला लागलं. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटा, एका रात्रीचं भाडं, मोहल्ल्यानं वर्गणी काढायची.

सिनेमावाल्यांना हा मोठा फटका होता. चोरीच्या कॅसेटांना आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा बदलावा लागला. १९८६ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या चित्रपट उद्योगानं करांच्या विरोधात बंद पुकारला. तिकिटावरचा करमणूक कर मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला आणि वाढत वाढत जबर झालेला. टॉकीजच्या तिकिटावर सरकारचा वाटा मोठा आणि अंगणातल्या व्हीसीआरवर काहीच नाही, असा तो सामना होता.

पण त्या व्हिडिओच्या रात्री आठवल्या की मला वाटतं, तेव्हाही सिनेमा खऱ्या अर्थानं घरात शिरला नव्हता. अंगणात चाळीस-पन्नास माणसं असायची. पहिली कॅसेट पोरांची, मारामारीची. दुसरी बायकांसाठी, रडारडीची. तिसरी लागायची मध्यरात्रीनंतर. तेव्हा बायकांना आत पाठवलं जायचं आणि आम्ही मुली खिडकीच्या फटीतून पाहायचो. एक बदल मात्र झाला होता, तो तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. टॉकीजला कुठला सिनेमा पाहायचा हे बायका आपसात ठरवायच्या. कॅसेट आणायला पुरुष जायचे. दुसरी कॅसेट 'बायकांची' असली तरी ती कुठली, हे सायकलवर जाऊन निवडणारा पोरगा ठरवायचा.

मग २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी काकूंच्या घरात आमचंही घर जाऊन बसायला लागलं. त्यानंतर आलेल्या 'महाभारत'चे संवाद राही मासूम रझांनी लिहिले आहेत हे अब्बा प्रत्येकाला अभिमानानं सांगायचे. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला, गल्लीगल्लीतून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या. ज्याच्या त्याच्या घरात टीव्ही झाला. काकूंच्या घरी जायचं कारण उरलं नाही.

टांगा का थांबला

टॉकीज व्हीसीआरनं मारली, केबलनं मारली, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण पुरं खरं नाही. आमच्या घरातला तीन ते सहाचा शो बंद झाला तो १९९२ च्या डिसेंबरात. बाबरी मशीद पडली, मुंबई पेटली, आणि इथं काही होवो न होवो, बायकांनी बाहेर पडायचं नाही असं ठरून गेलं. महिना-दोन महिन्यांसाठी ठरलेली गोष्ट होती. ती उठवायची कुणाच्या लक्षात राहिलं नाही. घरात टीव्ही होताच. टॉकीजला जायचंय असं म्हटलं की उत्तर तयार असायचं, "घर में देखो ना."

त्यानंतर ११ वर्षांनी, २१ नोव्हेंबर २००३ ला, रमजानच्या जुम्याला परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला. त्या वर्षीची ईद आम्ही दारं लावून केली. त्यानंतर बासी ईदेचा सिनेमा हा शब्दही आमच्या घरात कुणी काढला नाही. भीती टॉकीजची नव्हती. भीती घर ते टॉकीज या रस्त्याची होती. सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांत व्हीसीआर, केबल, कर यांचे आकडे सापडतात. थांबलेल्या टांग्यांचे आकडे कुणी ठेवले नाहीत.

मोठ्या शहरांत १९९७ नंतर मल्टिप्लेक्स आले. तिथं बायका सुरक्षित आहेत, स्वच्छता आहे, बायकांची बाजू वेगळी नाही, कुणी गचांडी धरायची वेळ येत नाही. चांगलं आहे. पण एका कुटुंबाच्या तिकिटांत आणि पॉपकॉर्नमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या घराचा आठवड्याचा किराणा येतो. सात बायका खिशातल्या सुट्या पैशांत जातील, असं ते ठिकाण नाही. २०१६ मध्ये 'सैराट'साठी खेड्यापाड्यांतून गाड्या भरून माणसं टॉकीजला आली, तेव्हा वाटलं होतं की जुने दिवस परत येतात की काय. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं. २०२० च्या मार्चमध्ये टॉकीज बंद झाल्या, मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडल्या, परत बंद झाल्या, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडल्या. तोवर सिनेमा प्रत्येकाच्या तळहातावर जाऊन बसला होता.

सौदीतली रांग

एक उदाहरण देते. सौदी अरेबियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पस्तीसेक वर्षं सिनेमा थिएटरं नव्हती. पण तिथले लोक सिनेमा पाहत नव्हते असं नाही. आधी कॅसेटा होत्या, मग डिश आली, मग इंटरनेट. घराघरात जगातला सगळा सिनेमा होता. तरी १९८६ मध्ये बहरीनला जोडणारा समुद्रावरचा पूल झाल्यावर सौदी कुटुंबं गाडी काढून, सरहद्द ओलांडून बहरीनच्या थिएटरात जायची. आणि १८ एप्रिल २०१८ ला रियाधमध्ये पहिलं थिएटर उघडलं, तेव्हा 'ब्लॅक पँथर' पाहायला स्त्री-पुरुष एका हॉलमध्ये बसले. तो सिनेमा त्यांना घरीही पाहता आला असता.

म्हणजे घरचा पडदा कितीही मोठा झाला तरी टॉकीजची गरज त्यानं भागत नाही. कारण ती गरज पडद्याची नाहीच. घराबाहेर पडून, इतरांमधे बसायची आहे.

घराच्या बाजूनं

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर माझ्याच विद्यार्थिनी माझा निबंध एकांगी म्हणून परत करतील.

दादी शेवटची सात वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांना 'मुगल-ए-आझम' पुन्हा पाहायला मिळाला तो टीव्हीमुळंच. ज्या घरांत बायकांना टॉकीजची परवानगी कधीच नव्हती, आणि अशी घरं पुष्कळ होती, त्या घरांत सिनेमा पहिल्यांदा पोचला तो केबलच्या वायरीतून. टॉकीजच्या अंधारात सगळ्याच बायका सुखरूप असायच्या असंही नाही. डोअरकीपर प्रत्येक वेळी येत नसे. २०२० च्या रमजानात, लॉकडाऊनमध्ये, पाकिस्तान टीव्हीनं उर्दूत आणलेली 'अर्तुग्रुल' ही तुर्की मालिका आमच्या घरात तीन पिढ्यांनी एका मोबाईलवर पाहिली. बाहेर रुग्णवाहिकांचे आवाज आणि आत आम्ही चौदा जणं एका छोट्या काचेत डोकं घालून बसलेलो. ते दिवस मी टॉकीजच्या बदल्यात देणार नाही.

म्हणून माझा झगडा घरच्या सिनेमाशी नाही. सिनेमा घरी आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तो आला तेव्हा बाईचं बाहेर जाणं बंद झालं आणि त्याचा हिशेब कुणी मागितला नाही, कारण सिनेमा तर मिळतच होता. आणि आता घरातही एकत्र पाहणं उरलेलं नाही. माझ्या वर्गातल्या मुली रात्री कानात इयरफोन घालून, चादरीखाली पाहतात. त्यांना सासूची नजर नाही, भावाची नाही. त्या मनासारखं रडू शकतात. फक्त रडून झाल्यावर टांग्याची एक चक्कर आणखी मारायला सांगणारं शेजारी कुणी नसतं. वर्गात मी एखाद्या संवादाचा दाखला देते तेव्हा दोघींना माहीत असतो, बाकीच्या एकमेकींकडं पाहतात. प्रत्येकीचा सिनेमा वेगळा आहे.

बदललेला विषय

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचा निबंधाचा विषय पुसला आणि नवा दिला. 'तुमच्या अम्मीला, नानीला किंवा दादीला विचारून लिहा, त्यांनी टॉकीजमध्ये पाहिलेला एक सिनेमा.' मराठी चुकलं तरी चालेल, पण विचारूनच लिहायचं, अशी अट घातली.

वह्या आल्या त्या मी रात्री बसून वाचल्या. काही मुलींनी लिहिलं की अम्मी कधी गेलेलीच नाही, आणि ती हे सांगताना हसली नाही. एकीच्या नानी 'पाकीजा' पाहायला सासऱ्यांना न सांगता गेल्या होत्या आणि परत येताना रस्त्यात सासरेच दिसले, तेही टॉकीजमधून बाहेर पडताना. एकीनं लिहिलं होतं, "नानीला सिनेमाचे नाव आठवत नाही. हिरो पण आठवत नाही. टांग्यात कोण कोण होते ते सगळे आठवते." पुढं तिनं सहा नावं लिहिली होती, त्यातली चार हयात नाहीत, हेही लिहिलं होतं.

निबंध म्हणून पाहिलं तर व्याकरणाच्या चुकाच चुका होत्या. मी लाल पेन उचललं आणि परत ठेवलं.

आता मुली मागं लागल्या आहेत की एकदा टॉकीजला नेऊन आणा. परीक्षा संपल्यावर, दुपारचा शो, पालकांच्या लेखी परवानगीनं, मुली आणि त्यांच्या अम्मीही, असा बेत मी मुख्याध्यापकांपुढं ठेवला आहे. गाडीचा खर्च, तिकिटांचे पैसे, कुठला सिनेमा, सगळं ठरायचं आहे. घरी सांगितलं तेव्हा अम्मीनं सिनेमाचं नाव विचारलं नाही. म्हणाली, "मेरे को बी ले के चल. मगर खंबे के पीछे नै बैठूंगी."

तुमच्या घरात विचारून पाहा. शेवटचा शो कधीचा होता, सोबत कोण होतं, आणि नंतर का गेल्या नाहीत. तिसरा प्रश्न विचारायला विसरू नका.